शाळा सोडल्याचे कारण

शाळेच्या जनरल रजिस्टरात एक रकाना असतो. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, प्रवेशाचा दिवस हे सारे भरून झाले, की पानाच्या अगदी काठाशी ‘शाळा सोडल्याचे कारण’ असे छापलेले दिसते. प्रवेश घेताना तो रकाना कोरा असतो, आणि तो कधी भरावा लागेल असे त्या दिवशी कुणाच्याच मनात नसते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून वीस वर्षे मी हे रजिस्टर लिहीत आलो आहे. मुलाची खरी हकीकत त्या शेवटच्या रकान्यात असते असा माझा अनुभव आहे. ‘वडिलांची बदली’, ‘ऊसतोडीसाठी स्थलांतर’, ‘घरगुती अडचण’ अशा दोन-तीन शब्दांत एकेक कादंबरी मिटलेली असते. मी कादंबऱ्या लिहितो त्या बहुधा याच रकान्यावरून.

हे इथे सांगायचे कारण असे, की गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला फुटबॉलविषयी एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता माझ्याकडून एक निराळेच रजिस्टर तयार झाले. मुलगा आठवीतला. आमच्याकडे मैदान म्हटले की ते कुस्त्यांचे. जत्रेला हलगी वाजते ती पैलवानासाठी. त्या गावात हा मुलगा मधल्या सुट्टीत एकटाच चेंडू भिंतीवर मारीत असे. त्याने विचारले, “सर, देशात दुसऱ्या नंबरची जी लीग असते, ती जिंकलेले आपल्याकडचे संघ कुठले? मोठ्या संघात मला कोण घेणार? पण दुसऱ्या नंबरच्या संघात घेतील की.”

मुलाचा हिशेब चोख होता. सर्वांत वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही. पण खालची पायरी भक्कम असेल तर तीवरून चढता येते. दुसरी श्रेणी असते ती यासाठीच. आम्ही तिला दुय्यम म्हणतो, वर्तमानपत्रे तिला दोन बोटे जागा देतात, आणि तरीही एखाद्या देशात खेळ किती खोल रुजला आहे हे पाहायचे असेल, तर पहिल्या श्रेणीचा विजेता पाहून काही कळत नाही. दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्याचे पुढे काय झाले, ते पाहावे.

म्हणून मी एक वही केली. पहिल्या रकान्यात साल, दुसऱ्यात विजेत्याचे नाव. एवढे भरणे सोपे होते. तिसरा रकाना मी सवयीने आखला, आणि त्यावर सवयीनेच लिहून गेलो: ‘शाळा सोडल्याचे कारण’.

आता या वहीकडे एखादे पुस्तक म्हणून पाहावे अशी माझी वाचकांना विनंती आहे. टीकाकाराने पुस्तकाकडून जी अपेक्षा करावी तीच मी या यादीकडून करणार आहे. पात्रे ज्या क्रमाने येतात, त्या क्रमाला काही अर्थ आहे काय? चढणारा चढतो, पडणारा पडतो, यामागे काही न्याय आहे काय? की लेखकाने मध्येच पाने फाडली आहेत?

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. कलकत्त्याची लीग, मुंबईचा रोव्हर्स कप, ड्युरँडचा चषक या जुन्या स्पर्धांवर आपल्या आजोबांचे फुटबॉल पोसले. सबंध देशाची अशी राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली ती मात्र १९९६ च्या डिसेंबरात, आणि पहिल्या वर्षी ती पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने जिंकली. पाठोपाठ तिच्या खाली दुसरी श्रेणी आली. २००७ साली लीगचे नामांतर होऊन ती आय-लीग झाली आणि खालचीचे नाव झाले आय-लीगची सेकंड डिव्हिजन. ही खालची स्पर्धा बरीच वर्षे एखाद-दोन गावी सगळे संघ गोळा करून थोडक्या दिवसांत उरकली जाई. लग्न तालेवाराचे आणि बारसे गरिबाचे, तशातला प्रकार.

वहीतली पहिली ठळक नोंद आपल्याच राज्यातली आहे. २००८ साली सेकंड डिव्हिजन जिंकली ती मुंबई एफसी या संघाने. संघ नवा कोरा, २००७ मध्ये स्थापन झालेला, एस्सेल या उद्योगसमूहाच्या पाठबळावर उभा राहिलेला. प्रशिक्षक डेव्हिड बूथ नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्या वर्षी वरच्या श्रेणीत दहाऐवजी बारा संघ घ्यायचे ठरले होते, म्हणून चार संघ वर चढले: मुंबई एफसी, कलकत्त्याचे चिराग युनायटेड व मोहम्मडन स्पोर्टिंग, आणि गोव्याचा वास्को. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, पुणे एफसी वर गेला. हा अशोक पिरामल समूहाचा. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा मुंबईतला ओएनजीसी हा संघ २०१० मध्ये चढला, उतरला, आणि २०१२ मध्ये पुन्हा चढला.

ही नावे लिहिताना मला खरोखर आनंद झाला होता. मुलाला काय सांगायचे याची मनाशी जुळवाजुळवही केली होती. साताऱ्याहून पुणे ते किती दूर! बालेवाडीला सकाळच्या एस्टीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. पुणे एफसीने तर २००९–१० मध्ये, वरच्या वर्गातल्या पहिल्याच वर्षी, तिसरा क्रमांक पटकावला आणि २०१२–१३ मध्ये दुसरा. वर्गात नवीन आलेला मुलगा दुसऱ्या नंबरावर यावा, याहून शाळेला आणखी काय हवे?

मग तिसरा रकाना भरू लागलो.

ओएनजीसी: २०१३. संघ मैदानावर हरला म्हणून गेला नाही. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी त्याला पुऱ्या करता आल्या नाहीत, म्हणून एअर इंडियाबरोबर त्यालाही लीगमधून वगळण्यात आले. पुणे एफसी: २०१५. मालकांनी संघ चालवणे थांबवले. मुंबई एफसी: २०१७. खालच्या श्रेणीत उतरला आणि तिथे खेळायला आलाच नाही, दप्तर बंद. पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स: हा सेकंड डिव्हिजनमध्ये खेळत होता, पण २०१५ साली त्याला विजेतेपदावाचूनच थेट वर घेण्यात आले आणि घसरणीच्या नियमातून सूटही मिळाली. सोडल्याचे वर्ष २०१७. या साऱ्यांच्या आधी वरच्याच श्रेणीतला महिंद्र युनायटेड गेला होता. २००५–०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा तो महाराष्ट्रातला पहिला संघ, आणि २०१० मध्ये तो बरखास्त झाला.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे झाले: होते, बाळ, बरेच होते, आता त्यांतला एकही नाही.

इथे कुणी म्हणेल, की कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. पैसा त्यांचा, वर्षानुवर्षे तोटा सोसला तोही त्यांनीच. आम्ही तिकीट काढून बालेवाडीला गेलो होतो काय? प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला उत्तर देऊ शकत नाही, कारण मी गेलो नव्हतो. पण टीकाकार म्हणून मला जे खटकते ते निराळे आहे. हे संघ हरून गेले असते तर गोष्टीत न्याय राहिला असता. जो पडला तो पडला. पुणे एफसी दुसरा येऊन गेला. महिंद्र विजेता होऊन गेला. कादंबरीत नायक भर प्रकरणात नाहीसा व्हावा आणि पुढच्या पानावर त्याचा उल्लेखही नसावा, असे हे लेखन आहे. अशा कादंबरीचे हस्तलिखित संपादक साभार परत करील.

आता वहीतले सर्वांत चांगले पान सांगतो, आणि ते जरा सावकाश सांगतो.

मुंबई एफसीमध्ये खालिद जमील हे खेळाडू होते. २००९ साली ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले आणि पुढे कित्येक हंगाम राहिले. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू नाहीत, कूपरेजच्या मैदानाची डागडुजी चालू होती तेव्हा काही हंगाम तर ‘घरचे’ सामने पुण्यात. अशा संसारात दरवर्षी घसरणीच्या काठावरून संघ ओढून काढायचा, एवढेच त्यांचे काम होते. घरात मिळवता एक आणि खाणारी दहा तोंडे असली, की कर्ता माणूस जसा कधी फार बोलत नाही आणि कधी आजारीही पडत नाही, तसे ते काम. २०१६ मध्ये मुंबईने त्यांना निरोप दिला.

त्याच सुमारास तिकडे ईशान्येत आयझॉल एफसीवर काय पाळी आली होती पाहा. १९८४ साली स्थापन झालेला मिझोरामच्या राजधानीचा हा संघ. २०१५ मध्ये त्याने सेकंड डिव्हिजन जिंकली, वर चढला आणि लगेच पुढच्याच वर्षी खाली घसरला. नापास झालेल्या मुलाचे नाव पटावरून काढावे तसे त्याचे नाव निघालेच होते. पण त्याच उन्हाळ्यात गोव्याचे संघ रागावून लीगमधून बाहेर पडले, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत घेण्यात आले. खालिद जमील तिथे प्रशिक्षक म्हणून गेले. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता हेही त्या संघात होते.

आणि २०१६–१७ च्या हंगामात तो संघ आय-लीग जिंकला. १८ सामन्यांत ३७ गुण. मोहन बागानचे ३६. २२ एप्रिलला आयझॉलमध्ये त्याने मोहन बागानला एका गोलने हरवले; ३० एप्रिलला शिलाँगला एक-एक अशी बरोबरी झाली आणि तेवढी पुरली. आदल्या वर्षी घसरलेला संघ देशात पहिला आला.

या हंगामाचा गुणतक्ता मी वहीत चिकटवून ठेवला आहे. त्याच्या सर्वांत वरच्या ओळीवर आयझॉल आहे आणि सर्वांत खालच्या ओळीवर मुंबई एफसी. २०१५ चा सेकंड डिव्हिजनचा विजेता शिखरावर, २००८ चा तळाशी. एकाच माणसाने दोन्ही घरे पाहिलेली, एक घर सोडल्यावर ते वर्षाच्या आत कोसळलेले, दुसरे त्याने उभे केलेले. मी हे कादंबरीत लिहिले असते तर ‘योगायोग फार’ म्हणून माझे मित्रच हसले असते. खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले, तेव्हा मी ते वर्तमानपत्राचे कात्रण त्याच पानात घातले.

आयझॉलची गोष्ट वाचून डोळे ओले करणे मात्र मला पुरेसे वाटत नाही. तिथे असे काय आहे जे आमच्याकडे नाही? २०११ च्या खानेसुमारीत सबंध मिझोरामची वस्ती सुमारे ११ लाख होती. एकट्या सातारा जिल्ह्याची ३० लाख, सांगलीची २८ लाख. दोन जिल्ह्यांची मिळून मिझोरामच्या पाचपटीहून अधिक. म्हणजे माणसांची वाण हे काही कारण नव्हे. त्यांनी २०१२ मध्ये आपल्या राज्याची स्वतःची लीग सुरू केली होती, आणि आयझॉल एफसीच्या आधी आयझॉल हे गाव होते. संघ गावाला चिकटलेला होता. संघ खाली गेला म्हणून गाव कुठे जाणार? मुंबई एफसीच्या मागे मुंबई कधी उभीच नव्हती. मुंबईचे नाव होते, एवढेच.

आयझॉलने विजेतेपद मिळवले त्या वेळी त्याच्या वरचे दार मात्र बंद होते, हेही सांगायला हवे. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही निराळी, झगझगीत स्पर्धा सुरू झाली होती आणि तीत खेळून वर येण्याची वाटच ठेवलेली नव्हती. प्रवेश होता तो पैसे भरून. आय-लीगचा विजेता आयझॉल पुढच्या वर्षी पुन्हा आय-लीगच्याच बाकावर बसला.

गोव्याचे संघ रागावले ते यावरूनच. आपली आय-लीग हीच उद्या दुसरी श्रेणी होणार, असा महासंघाचा आराखडा २०१६ मध्ये पुढे आला, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेंपो हे तिघे बाहेर पडले. आमच्या साताऱ्याच्या आणि सांगलीच्या स्टेशनांवरून दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस जाते. इकडचा फुटबॉल पुण्याला संपतो आणि तिकडचा मडगावला सुरू होतो. मधल्या रुळांवर आम्ही. त्यामुळे गोव्याच्या संघांविषयी मला शेजारधर्माची आस्था आहे. साळगावकर २००८ मध्ये घसरला, २००९ मध्ये सेकंड डिव्हिजनमधून परत आला आणि २०१०–११ मध्ये आय-लीगचा विजेता झाला. शिडी असते ती कशासाठी, याचा याहून सुबक दाखला नाही. डेंपो तर पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. तो २०१५ मध्ये घसरला, २०१६ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून चढण्याचा हक्क त्याने मिळवला, आणि त्याच उन्हाळ्यात सोडून गेला. तिसऱ्या रकान्यात मी काय लिहावे? ‘वरच्या वर्गाची इमारत काढून घेतल्यामुळे.’

त्यांचे बाहेर पडणे योग्य होते काय, यावर माझे मत अजून ठरलेले नाही. स्वाभिमान म्हणून ते मोठे वाटते. पण स्वाभिमानाचा खर्च पोरांनी भरला. गोव्यातल्या कितीतरी तरुणांपुढची राष्ट्रीय स्पर्धा त्या उन्हाळ्यात एकाएकी नाहीशी झाली. डेंपोला पुढे हे उमगले असावे. तो परत आला, खालच्या वर्गात बसला, आणि २०२३–२४ मध्ये तिथे दुसरा येऊन पुन्हा आय-लीगमध्ये चढला. पाच वेळा पहिला आलेल्या माणसाने पुन्हा खालच्या बाकावर बसणे सोपे नसते. मला त्याचे रागावणे जितके आवडले, त्याहून हे परतणे अधिक आवडले.

बाकीची पाने भराभर उलटतो. २०१२ चा विजेता युनायटेड सिक्कीम, एका हंगामात खाली आला आणि पुढे विस्कटला. २०१३ चा रंगदाजीद युनायटेड, शिलाँगचा. वर एकच हंगाम. २०१४ चा रॉयल वाहिंगडोह, तोही शिलाँगचा. वरच्या श्रेणीत पहिल्याच वर्षी तिसरा आला आणि त्याच वर्षी त्याने लीग सोडली. २०१७ चा नेरोका आणि २०१९ चा ट्राव, दोन्ही इंफाळचे. नेरोका तर पहिल्याच वर्षी आय-लीगमध्ये दुसरा आला होता. मे २०२३ पासून मणिपूर पेटले. २०२३–२४ च्या हंगामात या दोघांना आपले घरचे सामने परगावी खेळावे लागले आणि दोघेही घसरले. त्यांच्या नावापुढे मी ‘गावात दंगल’ असे लिहिले आणि बराच वेळ टाक हातात धरून बसलो. शाळेच्या रजिस्टरात ते कारण मला आजवर लिहावे लागलेले नाही.

२०१८ चा विजेता रिअल काश्मीर. २०१४ च्या महापुरानंतर श्रीनगरच्या पोरांना काही उद्योग असावा म्हणून सुरू झालेल्या खटपटीतून हा संघ निघाला. वरच्या वर्गात पहिल्याच वर्षी तिसरा आला, आणि श्रीनगरला बर्फ बाजूला सारून सामने खेळला. या नोंदीपुढचा तिसरा रकाना मी कोरा ठेवू शकलो.

एक विद्यार्थी मात्र असा आहे की त्याच्यासाठी वेगळे पान घालावे लागले. मोहम्मडन स्पोर्टिंग, स्थापना १८९१. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्त्याची लीग जिंकणारा संघ. हा २००८ मध्ये चढला, २००९ मध्ये उतरला. २०१३ मध्ये चढला, २०१४ मध्ये उतरला. २०२० मध्ये पुन्हा चढला आणि २०२३–२४ मध्ये आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला. तोवर ते बंद दार उघडले होते; २०२३ मध्ये पंजाबचा संघ आणि २०२४ मध्ये हा, असे खेळून वर गेलेले पहिले दोन. आमच्याकडे मॅट्रिकला तीनतीनदा बसणारे गडी असत, गावाने हसावे आणि त्यांनी पुन्हा फॉर्म भरावा. त्यांच्यातला एखादा पास झाला की त्याच हसणाऱ्या गावात पेढे वाटले जात. मोहम्मडन वर गेला त्या दिवशी मला अशाच एका गड्याची आठवण झाली. एवढ्या वेळा पडून हा संघ उठला कसा, याचे उत्तर गुणतक्त्यात नाही. त्याच्या मागे लोक होते. संघ हरला की शिव्या देणारे, पण नवा संघ शोधायला न जाणारे लोक.

२०२५ ची नोंद तर शाईने लिहू की शिसपेन्सिलीने, असा प्रश्न पडला. एव्हाना आय-लीग हीच खरोखर दुसरी श्रेणी झालेली. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण, वाराणसीच्या इंटर काशीचे ३९. नियमबाह्य खेळाडू खेळवल्याच्या तक्रारींवरून वाद झाला. एप्रिलमध्ये महासंघाने चर्चिलला विजेता ठरवले, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने इंटर काशीला. निकाल कायद्याने बरोबर असेल. पण गल्लीतल्या पोराला कोणता गोल निर्णायक ठरला हे सांगायचे, तर त्याला लोझानच्या कचेरीचा पत्ता द्यावा लागतो.

आता मी एक उलट उदाहरण देतो, आणि ते देताना माझ्याच म्हणण्याला थोडा तडा जाणार आहे याची मला कल्पना आहे. आमच्या दाराशी कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हे फुटबॉलचे संघ आहेत. लाल मातीचा आखाडा ज्या पेठेने राखला, त्याच पेठेने फुटबॉलचा संघ काढला. शाहू स्टेडियमवर सामना असला की घराघरांतली माणसे आपल्या पेठेच्या रंगात जातात. या संघांचा कुणी मालक नाही, म्हणून त्यांना कुणी बंद करू शकत नाही. आमच्या सातारा-सांगलीतल्या तालमी कुस्तीला धरून राहिल्या. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला धाडण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, ती याच ओढीने. कोल्हापूरने तीच ओढ चेंडूला लावली.

पण मग असा प्रश्न येतो, की मालकाने सोडून जाण्याची ज्यांना भीती नाही, ते पेठांचे संघ माझ्या वहीत का नाहीत? राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्यांत त्यांतला एकही नाही. पेठेला पेठेशी जिंकण्यातच इतकी धन्यता वाटते, की शहराबाहेर कुणाशी खेळावे ही भूकच मंदावते. शिवाय महासंघाच्या अटी अशा, की त्या पुऱ्या करायला पगारी कचेरी लागते, आणि वर्गणीवर चालणाऱ्या तालमीला ती परवडत नाही. ज्यांच्याकडे कचेरी होती त्यांच्याकडे पेठ नव्हती, आणि ज्यांच्याकडे पेठ आहे त्यांच्याकडे कचेरी नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुलगा जाऊ शकला, तालीम जाऊ शकली नाही. हा गुंता सोडवायचा कसा, हे मला सुचत नाही. महासंघाने अटी थोड्या सैल कराव्यात आणि पेठांनी आपापसांतले वैर थोडे आवरून शहराचा एक संघ करावा, असे म्हणणे सोपे आहे. कोल्हापुरात जाऊन ते मोठ्याने म्हणून पाहावे! माझी छाती होणार नाही.

तर ही अशी वही. मुलाने तीन-चारदा विचारले, “सर, झाली का यादी?” आणि मी दर वेळी काहीतरी सबब सांगितली. शेवटी परीक्षा झाल्यावर त्याच्या हाती ठेवली. त्याने उभ्या उभ्याच वाचली. आयझॉलच्या पानाशी थांबला, तो चिकटवलेला गुणतक्ता त्याने बोटाने खालपासून वर मोजला. मग पहिल्या पानाकडे परत येऊन मुंबई, पुणे, ओएनजीसी अशी तिसऱ्या रकान्यातली कारणे वाचली आणि म्हणाला, “सर, यात ‘खेळता येत नव्हते’ असे कुणाचेच नाही की.”

या जूनमध्ये तो दाखला न्यायला आला. कोल्हापुरात त्याची आत्या राहते, तिच्याकडे राहून तिथल्या शाळेत जाणार. तिच्या पेठेच्या तालमीत लहान मुलांचा संघ आहे म्हणे. बरोबर आई आली होती. मी रजिस्टर उघडले. पानाच्या काठाच्या रकान्यात असल्या वेळी ‘पालकांची इच्छा’ असे लिहायचा प्रघात आहे, आणि तेच लिहायला टाक उचलला होता. मुलगा टेबलापाशी वाकून पाहत होता. मी ‘फुटबॉल खेळण्यासाठी’ असे लिहिले, तारीख घातली आणि शिक्का मारला.